पडद्यावरचे विस्मरण आणि आपल्या घरातले

वृद्धापकाळावरचे मराठी नाटक म्हटले, की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गणपतराव बेलवलकर उभे राहतात. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आले. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे होते आणि प्रमुख भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेल्या लागूंनी वैद्यकी सोडून पूर्ण वेळ अभिनयाला वाहून घेतले, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पुढे २०१६च्या आरंभी महेश मांजरेकरांनी नाना पाटेकरांना घेऊन त्याचा चित्रपट केला आणि आजोबांनी पाहिलेले दुःख नातवंडांनीही पाहिले. म्हातारपणाची शोकांतिका म्हणजे मुलांनी केलेली उपेक्षा, हे समीकरण या एका कलाकृतीने आपल्या मनात इतके पक्के रुजवले, की दुसऱ्या प्रकारचे म्हातारपण पाहण्यासाठी लागणारी नजर आपल्याला उशिरा आली.

गणपतरावांचे दुःख हे, की त्यांना सगळे आठवते. आपल्या भूमिका, टाळ्या, मुलांचे बोल, पत्नीची सोबत, सारे. आज मात्र अनेक घरांत नेमके उलटे दुःख नांदते आहे. तिथल्या ज्येष्ठांना आठवत नाही. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश, म्हणजे ज्याला आपण आता ‘डिमेन्शिया’ या नावाने ओळखू लागलो आहोत तो विकार आहे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवर आधारित अंदाज आहे. शंभर ज्येष्ठांमागे सात-आठ, असे हे प्रमाण पडते. तरीही दवाखान्यात मुले सांगतात ती तक्रार वेगळीच असते : “बाबा हल्ली फार हट्टी झाले आहेत,” “आई मुद्दाम तेच तेच विचारते,” “सासूबाई मोलकरणीवर आळ घेतात.” विकाराला स्वभाव समजले जाते आणि त्यातून घरात रागाचे, अपमानाचे, अबोल्याचे दिवस सुरू होतात.

या लेखात मी आपल्याला तीन चित्रपट पाहण्याची शिफारस करणार आहे. एक मराठी, एक इंग्रजी आणि एक हिंदी. तिन्हींत स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती केंद्रस्थानी आहे आणि ती भूमिका करणारे नट आपापल्या क्षेत्रातले मातब्बर आहेत. चित्रपट म्हणून ते कसे आहेत हे सांगेनच. परंतु माझा मुख्य हेतू आहे तो त्यांतून घरातल्या काळजीवाहू माणसाने काय घ्यावे, हे सांगण्याचा.

‘अस्तु’ : हत्तीमागे निघून गेलेले शास्त्रीबुवा

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ सालचा चित्रपट. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे विद्वान, आता निवृत्त. स्मृतिभ्रंशाने त्यांची विद्वत्ता हळूहळू विरत चालली आहे. एके दिवशी मुलगी इरा त्यांना बरोबर घेऊन बाहेर पडते. रस्त्यात हत्ती दिसतो, शास्त्रीबुवांचे बालसुलभ कुतूहल जागे होते, आणि मुलीची नजर दुसरीकडे असताना ते त्या हत्तीच्या मागोमाग निघून जातात. पुढचा चित्रपट म्हणजे मुलीने त्यांचा घेतलेला शोध आणि त्याच वेळी माहुताच्या कुटुंबाने, विशेषतः त्याच्या पत्नीने, चन्नम्माने या अनोळखी म्हाताऱ्याची घेतलेली काळजी.

शास्त्रीबुवांची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’मध्ये त्यांनी उभा केलेला नाना फडणवीस ज्यांनी पाहिला, त्यांना ती ठसकेबाज चाल आणि ते मिश्कील डोळे अजून आठवत असतील. आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील माजी प्राध्यापक. त्यामुळे ही भूमिका एका अर्थाने त्यांच्या दोन्ही आयुष्यांचा संगम आहे. त्यांच्या अभिनयात वेडसरपणाची एकही ठरीव खूण नाही. थरथरते ओठ नाहीत, शून्यात लागलेली नजर नाही. उलट शास्त्रीबुवांची नजर कायम कशात तरी गुंतलेली असते. फक्त ती आपण दाखवतो तिकडे नसते. हे निरीक्षण वैद्यकीयदृष्ट्या अगदी अचूक आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे लक्ष नाहीसे होत नाही, ते एका गोष्टीवरून दुसरीकडे हवे तेव्हा वळवण्याची शक्ती कमी होते.

आणखी एक बारकावा पाहा. मुलीची ओळख पुसट होत असलेल्या या माणसाच्या ओठांवर संस्कृत वचने मात्र सहज येतात. प्रेक्षकाला हा विरोधाभास वाटेल. तो विकाराचा नियम आहे. नुकतेच घडलेले प्रसंग साठवणारी मेंदूतली यंत्रणा अल्झायमर विकारात आधी निकामी होते. बालपणी आणि तरुणपणी घोकून पक्के झालेले, तालासुरात बसलेले पाठांतर पुष्कळ दिवस टिकते. म्हणूनच सकाळी काय खाल्ले ते न आठवणारी आजी रामरक्षा न अडखळता म्हणते. अशा वेळी “एवढे आठवते, मग माझे नाव कसे आठवत नाही?” असे विचारू नये. ती रामरक्षा तिच्याबरोबर म्हणावी. संध्याकाळी अस्वस्थता वाढते त्या वेळी ओळखीचे जुने नाट्यगीत, अभंग किंवा भावगीत हळू आवाजात लावून पाहावे. अनेक घरांत याचा उपयोग होताना दिसतो.

परंतु ‘अस्तु’ची खरी शिकवण चन्नम्माकडे आहे. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुमित्रा भाव्यांना संवादलेखनासाठी मिळाला. चन्नम्माला शास्त्रीबुवांचे ग्रंथ ठाऊक नाहीत, व्याख्याने ठाऊक नाहीत. समोर आहे तो भुकेला, बावरलेला म्हातारा, इतकेच ती पाहते, आणि त्याला लेकरासारखे सांभाळते. तोही तिला आई मानू लागतो. इरा मात्र प्रत्येक क्षणी आजच्या वडिलांना कालच्या वडिलांशी ताडून पाहते आणि प्रत्येक वेळी नव्याने त्यांना गमावते. चन्नम्मा इरापेक्षा जास्त प्रेमळ आहे असे नव्हे. तिच्यावर तुलनेचे ओझे नाही, एवढाच फरक आहे. मुलाबाळांना हे ओझे टाकणे सोपे नसते. तरी दिवसातून एक तास, समजा अंघोळीच्या किंवा जेवणाच्या वेळी, आपण चन्नम्मा होऊन पाहावे : हे पूर्वी कोण होते हा विचार बाजूला ठेवून, यांना आत्ता काय हवे आहे एवढेच पाहावे.

वाट चुकणे : चित्रपटाबाहेरची तयारी

शास्त्रीबुवा हरवतात ही पटकथेची सोय नाही. घराबाहेर निघून जाणे आणि परतीची वाट न सापडणे, हा या विकारातला नित्याचा आणि जिवावर बेतू शकणारा धोका आहे. त्यासाठी आजच करता येण्याजोग्या काही गोष्टी अशा :

• खिशात, पाकिटात आणि शक्य तर हातातल्या कड्यावर किंवा गळ्यातल्या पदकावर नाव आणि घरच्या दोन व्यक्तींचे फोन क्रमांक असावेत.

• अलीकडचे स्पष्ट छायाचित्र आपल्या फोनमध्ये ठेवावे. बाहेर जाताना अंगावर कोणते कपडे आहेत, याची नोंद मनात घ्यावी.

• इमारतीचा रखवालदार, कोपऱ्यावरचा वाणी, औषधाचे दुकान आणि रिक्षाथांबा, यांना विश्वासात घेऊन सांगून ठेवावे. यात लाज वाटण्याजोगे काहीही नाही.

• “दोन मिनिटांत येते” असे म्हणून गाडीत एकटे बसवून जाऊ नये. बंद गाडी उन्हात झपाट्याने तापते, हा दुसरा धोका.

• व्यक्ती सापडत नसेल, तर आधी घराच्या परिसरात, मग जुने घर, जुने कार्यालय, नेहमीचे देऊळ, अशा ठिकाणी पाहावे आणि त्याच वेळी ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. चोवीस तास थांबावे लागते, हा गैरसमज आहे.

‘द फादर’ : गोंधळाच्या आतून

‘अस्तु’ आपल्याला बाहेरून, म्हणजे घरच्यांच्या नजरेतून विस्मरण दाखवतो. ‘द फादर’ आपल्याला थेट त्या गोंधळात नेऊन सोडतो. मूळ नाटक फ्लोरियन झेलर या फ्रेंच लेखकाचे. ते २०१२ मध्ये पॅरिसला रंगभूमीवर आले, तेव्हा म्हाताऱ्याची प्रमुख भूमिका रोबेर हिर्श या नटाने केली होती आणि त्या वेळी त्याचे वय ८७ होते. झेलरनेच २०२० मध्ये त्याचा इंग्रजी चित्रपट केला. त्यात अँथनी हॉपकिन्स प्रमुख भूमिकेत आहेत आणि मुलीच्या भूमिकेत ऑलिव्हिया कोलमन. या भूमिकेने हॉपकिन्स यांना दुसरे ऑस्कर मिळाले, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. अभिनयासाठीचे ऑस्कर इतक्या वयात त्याआधी कोणालाच मिळाले नव्हते.

ज्येष्ठ वाचकहो, या दोन आकड्यांकडे माझ्या सांगण्यावरून थोडे निरखून पाहा. सत्त्याऐंशीव्या वर्षी हिर्श रोज रात्री संपूर्ण नाटकाचे संवाद पाठ म्हणत होता, तेही ज्याला काही आठवत नाही अशा माणसाची भूमिका वठवण्यासाठी. वय आणि विस्मरण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचा याहून बोलका दाखला मला देता येणार नाही. वाढत्या वयात नाव चटकन न आठवणे, चष्मा शोधत फिरणे हे स्वाभाविक आहे. नाव थोड्या वेळाने आठवते. चष्मा कशासाठी असतो हेच उमगेनासे होणे, हे स्वाभाविक नाही.

चित्रपटाची किमया त्याच्या रचनेत आहे. घरातले सामान दृश्यागणिक नकळत बदलते. मुलगी म्हणून कधी एक अभिनेत्री समोर येते, कधी दुसरीच. मुलगी परगावी राहायला जाणार असल्याचे सांगते. नंतर असे काही बोललेच नाही म्हणते. प्रेक्षक म्हणून आपण चिडतो, चक्रावतो, आपल्याला कोणी फसवत आहे असा संशय घेऊ लागतो. तासा-दीड तासात आपली ही अवस्था होते, तर ज्याचा प्रत्येक दिवस असा उगवतो त्याने संशय घेतला तर नवल काय?

चित्रपटातल्या वृद्धाचे मनगटी घड्याळ सारखे हरवते आणि सांभाळायला ठेवलेल्या बाईने ते चोरले, असे तो ठामपणे म्हणतो. आपल्याकडे घड्याळाच्या जागी पाटल्या असतात, कपाटाची किल्ली असते, उशीखालचे पैसे असतात. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही आणि ठेवली हेही आठवत नाही. मग मेंदू त्या रिकाम्या जागी चोर उभा करतो. हा आळ दुष्टपणाने घेतलेला नसतो. त्यावर वाद घालून काही निष्पन्न होत नाही. “चला, आपण मिळून शोधू,” असे म्हणावे. वस्तूंची एक ठरलेली जागा असावी. किल्लीची, चष्म्याची दुसरी जोडी घरात असावी. दागिने व रोकड वेळीच सुरक्षित ठिकाणी हलवावी. आणि घरी सांभाळायला येणाऱ्या मावशींना किंवा ताईंना पहिल्याच दिवशी समजावून सांगावे, की असे आळ येतील, ते तुमच्यावर नाहीत आणि आम्ही ते खरे मानणार नाही. या एका वाक्याने कित्येक घरांतली मदतनीस टिकून राहते.

हॉपकिन्स यांचा अभिनय सर्वांत उंच जातो तो अखेरीस. आयुष्यभर ताठ राहिलेला हा गृहस्थ आईसाठी रडू लागतो. तिकडे शास्त्रीबुवांना चन्नम्मात आई सापडते, इकडे या इंग्रज म्हाताऱ्याला परिचारिकेचा खांदा सापडतो. दोन खंडांतल्या दिग्दर्शकांनी आपापल्या वाटेने एकाच जागी यावे, हे मला लक्षणीय वाटते. कारण रुग्णांतही आम्हा डॉक्टरांना वारंवार हेच दिसते. ऐंशी वर्षांचे आजोबा “आई कुठे आहे?” असे विचारतात. त्यांना दर वेळी “ती जाऊन चाळीस वर्षे झाली” असे सांगितले, तर दर वेळी ते नव्याने पोरके होतात. त्याऐवजी म्हणावे, “आईची आठवण येते आहे का? त्या तुम्हाला काय करून घालायच्या?” हे खोटे बोलणे नाही. ते आई शोधत असतात, म्हणजे भीती वाटत असते आणि आधार हवा असतो. उत्तर त्या भीतीला द्यायचे असते.

‘थ्री ऑफ अस’ : जाणीव असतानाचे दिवस

तिसरा चित्रपट अविनाश अरुण यांचा. ‘किल्ला’ या मराठी चित्रपटामुळे ते आपल्याला परिचित आहेत. ‘थ्री ऑफ अस’ हिंदीत असला, तरी त्याचा जीव कोकणात, वेंगुर्ल्यात आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्या शैलजाला तुलनेने लवकरच्या वयात स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. सारे विसरण्यापूर्वी बालपणीचे गाव एकदा पाहावे म्हणून ती पतीबरोबर तिथे जाते आणि शाळेतल्या जुन्या सोबत्याला भेटते. २०२३च्या नोव्हेंबरात हा चित्रपट प्रदर्शित झाला.

शैलजाच्या भूमिकेत शेफाली शहा आहेत. ‘सत्या’मधली भिकू म्हात्रेची फटकळ, जिवंत बायको ज्यांना आठवते, त्यांना इथली मंद, संकोची, वाक्य अर्ध्यावर सोडणारी शैलजा पाहून या अभिनेत्रीचा पल्ला ध्यानात येईल. हिंदी चित्रपटसृष्टीने त्यांना ऐन तिशीत आईच्या भूमिका देऊन जणू अकाली म्हातारे केले होते; वय वाढल्यावर मात्र त्यांच्या वाट्याला उत्तम नायिका आल्या. इथे त्यांनी विस्मरण दाखवले आहे ते विरामांतून. ओळखीच्या वस्तूकडे क्षणभर अधिक पाहणे, उत्तर देण्याआधी पतीच्या चेहऱ्याकडे वळणारी नजर, आणि चूक झाल्यावर ओशाळे हसू. सुरुवातीच्या टप्प्यातला रुग्ण असाच असतो. तो चूक झाकतो. घरच्यांना म्हणूनच उशिरा कळते.

स्वानंद किरकिरे यांनी रंगवलेल्या पतीकडेही लक्ष द्यावे. तो फार बोलत नाही, शिकवत नाही, दुरुस्त्या करत नाही. पत्नीच्या भूतकाळात आपल्याला स्थान नाही हे सोसून बरोबर राहतो. जयदीप अहलावत यांचा प्रदीपही भूतकाळाचा हिशेब मागत नाही.

या चित्रपटातून घ्यायचा धडा वेळेचा आहे. निदान झाल्यावर पुष्कळ कुटुंबे ते रुग्णापासून लपवतात. सुरुवातीच्या टप्प्यात व्यक्तीला समजत असते, ठरवता येत असते. तिला विश्वासात घेऊन सौम्य शब्दांत सांगितले, तर मृत्युपत्र, बँकेतली नामनिर्देशने, पुढे उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे, हे तिच्या स्वतःच्या इच्छेने ठरू शकते. यासाठी वकिलाचा सल्ला लवकर घ्यावा. उशीर झाला, तर कायद्याच्या वाटा अवघड होतात. आणि कुलदैवताला जायचे असेल, माहेरचे घर पाहायचे असेल, बहिणीला भेटायचे असेल, तर तो प्रवास याच वर्षी करावा.

पडदा काय दाखवत नाही

तिन्ही चित्रपट चांगले आहेत. तरी डॉक्टर म्हणून काही उणिवा नोंदवणे भाग आहे. ‘अस्तु’ची मुख्य घटना एका दिवसात आटोपते, प्रत्यक्षात हा विकार अनेक वर्षे चालतो. रात्रीची जागरणे, कपड्यांत होणारी लघवी, गिळताना लागणारा ठसका, अंथरुणाला खिळल्यावर होणाऱ्या शय्याव्रणांची भीती, हे पडद्यावर फारसे येत नाही. पैशाची विवंचना तर जवळजवळ नाहीच. ‘थ्री ऑफ अस’मध्ये विस्मरणाला एक हळवे सौंदर्य लाभते, घरात ते क्वचितच लाभते. म्हणून चित्रपट पाहून “आपल्याला असे शांत राहता येत नाही” अशी अपराधी भावना कोणी करून घेऊ नये. पडद्यावरच्या पतीला तिसऱ्या रात्री उठावे लागत नाही.

सांभाळणाऱ्या व्यक्तीला, आणि आपल्याकडे ती बहुधा सून, मुलगी किंवा स्वतः सत्तरीची पत्नी असते, आठवड्यातून काही तास पूर्ण सुटी मिळालीच पाहिजे. भावंडांनी फोनवर सल्ले देण्यापेक्षा हे तास वाटून घ्यावेत. रक्तदाब, मधुमेह, झोप यांची तपासणी सांभाळणाऱ्याचीही व्हावी. आणि काळजी घरात पेलेनाशी झाली, म्हणून चांगल्या शुश्रूषा केंद्राचा आधार घेतला, तर तो आईवडिलांचा त्याग ठरत नाही.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची. विस्मरणाच्या कारणांचा शोध चित्रपटाच्या विषयात बसत नाही. आपल्या घरात मात्र तो पहिला विषय असला पाहिजे. कारण प्रत्येक विस्मरण म्हणजे अल्झायमर नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी ज्येष्ठांत आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आढळते. थायरॉइडची मंदगती, नैराश्य, ऐकू कमी येणे, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या, काही आठवड्यांपूर्वी पडल्यामुळे मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त, या सर्वांनी माणूस विसराळू दिसू शकतो आणि यांवर उपचार आहेत. म्हणून रक्ततपासण्या, औषधांची संपूर्ण यादी घेऊन डॉक्टरांशी चर्चा, श्रवणचाचणी आणि गरजेप्रमाणे मेंदूचे छायाचित्रण, हे झाल्याखेरीज शिक्का मारू नये.

एक इशारा ठळकपणे लक्षात ठेवावा. गोंधळ जर काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर तो स्मृतिभ्रंश म्हणून घरी बसून पाहू नये. मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, रक्तातले सोडियम उतरणे, शरीरातले पाणी कमी होणे, नवीन औषध, पक्षाघात, यांपैकी काहीही असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

अल्झायमर विकार पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. उपलब्ध गोळ्यांनी काहींना काही काळ लाभ होतो. रक्तदाब, मधुमेह आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, रोज चालणे, श्रवणयंत्र वापरणे आणि माणसांत राहणे, यांनी धोका कमी होण्यास मदत होते. या शेवटच्या मुद्द्यात नाटकाला जाणेही येते, हे आवर्जून सांगतो.

पाहायचे कसे?

ज्यांची स्मृती शाबूत आहे अशा ज्येष्ठांनी हे चित्रपट अवश्य पाहावेत. मात्र एकट्याने, रात्री उशिरा पाहू नयेत. नुकतेच निदान झालेल्या व्यक्तीला ‘द फादर’ दाखवू नये. तिला तिचे भविष्य दाखवल्यासारखे होईल. तो सांभाळणाऱ्यांनी आधी पाहावा, आणि भावंडांनी एकत्र पाहिला तर उत्तम. घरी पाहताना चाळीस-पन्नास मिनिटांनी थांबावे, उठून चार पावले चालावे. ऐकू कमी येत असेल, तर खालच्या ओळी सुरू ठेवाव्यात.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला नाट्यगृहात न्यायचे असेल, तर दुपारचा प्रयोग, कडेची खुर्ची आणि ओळखीचे, हलकेफुलके किंवा संगीत नाटक निवडावे. मध्यंतराच्या गर्दीआधीच प्रसाधनगृहात नेऊन आणावे. कंटाळा दिसला, तर तिकिटाचे पैसे वसूल करण्याच्या नादी न लागता उठावे. घरी आल्यावर “काय पाहिले सांगा बरे?” अशी परीक्षा घेऊ नये. प्रसंग विसरला गेला, तरी त्यातून आलेला प्रसन्नपणा पुष्कळ वेळ टिकतो. तेवढ्यासाठीच नेले होते.

अडचण आली, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ या राष्ट्रीय मदतवाहिन्या आहेत. सांभाळणाऱ्यांनीही तिथे स्वतःसाठी फोन करावा. आणि घरातल्या कोणाच्या विसरण्याबद्दल शंका असेल, तर पुढच्या आठवड्यात त्यांच्या सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत भरून, त्यांना बरोबर घेऊन, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. हट्ट, संशय, पुन्हा पुन्हा विचारणे, यांची तारखेसह चार ओळींची नोंद सोबत असावी. निदानासाठी तिचा फार उपयोग होतो.